न्जोंबेहून पत्र

न्जोंबे, टांझानिया
७ जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझी सुकेळी पोचली. आमच्या अनाथालयातल्या पंचेचाळीस मुलांत तुकडे करून वाटली. केळी इथं रोजची, पण वाळवून ती अशी मधासारखी होतात हे कुणाला ठाऊक नव्हतं. एका मुलीनं अर्धा तुकडा खाल्ला आणि अर्धा धाकट्या भावासाठी कागदात गुंडाळून ठेवला. भाऊ तिच्या शेजारीच बसून आपला वाटा खात होता, तरीही.

आज सबासबाची सुट्टी आहे. सबा म्हणजे सात, म्हणून सातव्या महिन्याची सात तारीख. १९५४ साली याच दिवशी न्येरेरेंनी, म्हणजे पुढं या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले त्यांनी, स्वातंत्र्यासाठी टानू पक्ष काढला. मुलं पटांगणात खेळताहेत आणि मी कोठीत मक्याच्या गोण्यांना टेकून लिहितोय. गोणीला इथं 'गुनिया' म्हणतात, आणि ज्या डब्यानं मका मोजतात तो 'डेबे'. साबण 'साबुनी', हिशेब 'हेसाबु', रंग 'रांगी', पैसा 'पेसा'. पहिल्या आठवड्यात बाजारात हे शब्द कानावर पडले की गलबतातून आलेलं कुणी आपलं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. मला सगळे 'पाद्री' म्हणतात. तो मात्र पोर्तुगीजांनी इथल्या आणि आपल्या, दोन्ही किनाऱ्यांवर ठेवून दिलेला शब्द.

"दिवसभर करतोस तरी काय?" असं तू विचारलंस. पहाटे साडेचारला उठतो. न्जोंबे महाबळेश्वरपेक्षाही उंचावर आहे. जुलैत पाण्याला हात लावला की बोटं बधिर होतात आणि कधी कधी गवतावरचं दहिवरही गोठतं. सहाला मिस्सा. मग मुलांना 'उजी', म्हणजे मक्याच्या पिठाची पातळ पेज, आणि शाळा. घर चालवतात सिस्टर, मी हाताखाली. बाजारहाट, गाडी, दवाखाना आणि हिशेब माझ्याकडे. शंभर किलोची एक गोणी आम्हाला पाच दिवस पुरते, म्हणजे वर्षाला सत्तर-पंचाहत्तर गोण्या. काढणी झाल्यावर आत्ताच घेतल्या तर परवडतात, फेब्रुवारीपर्यंत थांबलो तर भाव पार चढलेला असतो. म्हणून जुलै आला की माझी झोप उडते. दुपारी राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी नि घेवडा, रात्री उगाली. आपल्या भाकरीच्या उकडीचा घट्ट गोळा डोळ्यांसमोर आण, तशी.

पण खरं सांगायचंय ते वेगळंच.

इथं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. सात वाजले की 'सा मोजा', पहिला तास. रात्रीचे आठ म्हणजे 'सा म्बिली', दुसरा तास. माझा पहिलाच महिना होता. सिस्टर एका आजारी पोराला घेऊन इस्पितळात मुक्कामाला गेल्या होत्या. नऊ मुलांच्या एचआयव्हीच्या गोळ्या रोज ठरल्या वेळी द्यायच्या होत्या. वहीत लिहिलं होतं, रात्री २. मी दोनचा गजर लावला.

आठच्या सुमाराला एक मुलगा माझ्या दाराशी येऊन उभा राहिला, नऊ वर्षांचा, हातात पाण्याचा पेला. तो काहीतरी बोलला. मला भाषा येत नव्हती. नव्या जागी झोप येत नसेल असं समजून मी त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि त्याला परत पाठवलं. रात्री दोनला गोळ्या घेऊन गेलो तर बाकीचे आठ गाढ झोपलेले आणि हा अंथरुणात बसलेला. पेला मांडीवर धरलेला, पाणी तसंच.

सहा तासांच्या उशिरानं मोठं बिघडत नाही असं दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं. पण तो पेला माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुढं कळलं, आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिच्या गोळ्यांची वेळ हाच सांभाळायचा.

या देशात एचआयव्हीचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते याच न्जोंबे भागात. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत औषधं फुकट मिळू लागली, त्यामुळं माणसं जगू लागली. त्याआधी मात्र मधली पिढीच निघून गेली होती. उरल्या त्या आज्या आणि नातवंडं. आजीला इथं 'बीबी' म्हणतात. आमच्या वहीत 'यातिमा', अनाथ, म्हणून नोंदलेल्या बहुतेक मुलांना कुठल्या ना कुठल्या डोंगरावर एक बीबी आहे. मित्रा, तुझे आईवडील गेले तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. वसईत तुला कुणी अनाथ म्हटल्याचं मला आठवत नाही, कारण तुझी आजी होती.

इथल्या २००९ च्या बालकायद्याचाही कल मूल घरच्यांतच वाढावं असाच आहे. म्हणून आता माझे शनिवार डोंगर चढण्यात जातात. समाजकल्याणचा अधिकारी बरोबर असतो. चुलीला लाकडं आहेत का, छप्पर गळतं का, दवाखाना किती लांब, हे सगळं बघायचं. घाई केली तर मूल परत येतं, आणि दुसऱ्यांदा आलेलं मूल बोलत नाही. आमच्या एका देणगीदार संस्थेला हे पटत नाही. पैसे डोक्यामागे मिळतात, मुलं कमी झाली की रक्कमही कमी. या वर्षी त्यांनी तसं लेखी कळवलं. मला राग आला आणि अजून तो गेलेला नाही. पंचेचाळीस पोरांचं जेवण त्याच पैशांतून येतं, हेही मला विसरता येत नाही.

तो पेलावाला मुलगा गेल्या महिन्यात आजीकडे गेला. आधी तीनदा सुट्टीला राहून आला होता. मातीचं घर, मागे बटाट्याचं शेत. बीबीनं पैशांचं काही विचारलं नाही. पावसात रस्ता बंद झाला तर गोळ्या कोण आणणार, एवढंच विचारलं. तीन महिन्यांच्या एकदम मिळतील म्हटल्यावर तिनं बाटली हातात घेतली, कांगाच्या, म्हणजे इथल्या बायका अंगाभोवती गुंडाळतात त्या कापडाच्या, टोकात ठेवली आणि गाठ मारली. तुझी आजी पदराला सुट्टे पैसे बांधायची, अगदी तशीच, दातानं ओढून.

मुलगा मात्र अस्वस्थ होता. घरात घड्याळ नव्हतं. बीबीनं फळीवरचा जुना रेडिओ दाखवला. सा म्बिलीला बातम्या लागतात, तेव्हा घ्यायची. त्यानं रेडिओ कानाला लावला, बॅटरीचं झाकण उघडून पाहिलं आणि मला म्हणाला, "पाद्री, पुढच्या वेळी सेल आण."

तू नाशकात शरणपूर रोडवर राहतोस, म्हणून आणखी एक. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तुमच्या शरणपुरात वाढवली, शिकवली. जेकब वेनराइट त्यांतलाच. आफ्रिकेत फिरलेला स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये वारला तेव्हा त्याचा देह बागामोयोच्या किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीलाही होता. या मुलखातली आईबापांवेगळी पोरं नाशकात वाढली, हे मी मुलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यांच्या बीबी कुठं होत्या? मला उत्तर देता आलं नाही. कधी वेळ मिळाला तर तिथल्या जुन्या कबरस्तानात जाऊन ये आणि काय दिसतं ते लिही.

आठ वाजत आलेत. गोळ्यांची वही काढतो. आता आठच नावं आहेत. शनिवारी सेल घेऊन वर जायचंय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
पाद्री मित्र