फॉर्म बी फाईलीत, नळी गायब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमध्ये आग लागली होती. पेपरात यावं असं काही नव्हतं, कोणाला साधं खरचटलंही नाही, पण त्या रात्री जे बघितलं ते लिहिल्याशिवाय चैन पडेना म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापलंत तरी चालेल.

आम्ही मूळचे लालबागच्या चाळीतले, आता त्याच जागेवर टॉवर झालाय आणि आम्ही लिफ्टने वरखाली करतो. रात्री पावणेदोनला आठव्या मजल्यावरच्या इलेक्ट्रिक डक्टमधून धूर यायला लागला. डक्ट म्हणजे ते लिफ्टशेजारचं कपाटासारखं दार, ज्यातून वायरी वर जातात आणि ज्यात लोक रद्दी, जुन्या छत्र्या, मिक्सरची रिकामी खोकी कोंबून ठेवतात. खरं तर प्रत्येक मजल्यावर हा डक्ट स्लॅबच्या लेव्हलला बुजवलेला असायला पाहिजे, आमचा होताही, पण मग इंटरनेटवाला आला, सीसीटीव्हीवाला आला, डिशवाला आला, प्रत्येकाने भोक पाडून आपापली वायर नेली आणि परत बुजवायचं नाव कोणी घेतलं नाही. डक्टचं धुराडं झालं. आग आठव्यावर आणि खोकत होते चौदाव्यावरचे लोक.

पुतण्याने 101 लावला. पलीकडच्या माणसाने अजिबात घाई न करता कितवा मजला, कोणी अडकलंय का, गल्लीच्या तोंडाशी काय खूण आहे एवढंच विचारलं. अग्निशमन दलाचं भायखळ्याचं मुख्यालय आम्हाला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गाडी लगेच आली, पण गेटमधून आत वळेना, कारण आत ओळीने बाईका लावलेल्या. त्यातली एक माझीच. जवानांनी शिव्या न घालता ती उचलून कुंड्यांमध्ये ठेवली आणि मला लाज वाटायला पण वेळ मिळाला नाही.

आता खरी गोष्ट. आपल्याला वाटतं बंब आला की खालून शिडी लावणार आणि फवारा मारणार. दलाकडे 90 मीटरची शिडी आहे हे खरंय, पण ती आमच्या गल्लीत वळणार कुठून? उंच बिल्डिंगमध्ये जवान जिन्याने वर जातात आणि बिल्डिंगच्याच लाल पाइपला नळी जोडतात, म्हणजे पाइप, पंप, टाकीतलं पाणी सगळं आपलं असायला लागतं. गाडीबरोबर आलेल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा पंप चालू करा, पंप कुठाय?" वॉचमन म्हणाला चावी सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावी. कुलूप तोडून पॅनलचं बटण दाबलं तर ढिम्म. सातव्या मजल्यावरची होजची पेटी उघडली, आत नळी नाही, स्टंप्स आणि एक चपलांचा जोड. पितळी नोझल तर कधीच भंगारात गेलं असणार. शेवटी त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला, पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क, खालून स्वतःच्या नळ्या जिन्यातून ओढत वर नेल्या, मजल्यामागून मजला. दोघं जण अकराव्यावरच्या आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली घेऊन आले. आजी खाली आल्यावर म्हणतात माझी कवळी वर राहिली. त्यातला एक पोरगा, चोवीस-पंचवीसचा असेल, हसला आणि आग आटोक्यात आल्यावर खरंच कवळी घेऊन आला, वाटीसकट.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधली फाईल काढली. त्यात जुलैचा फॉर्म बी, सही-शिक्क्यासह, सगळी यंत्रणा चालू स्थितीत! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंध आणि जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा आहे, त्यानुसार बिल्डिंगची यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक-रहिवाशांची, म्हणजे सोसायटीची, आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सवाल्या एजन्सीकडून तपासून हा फॉर्म द्यायचा असतो. आमच्या एजन्सीचा माणूस जिना चढलेला वॉचमनला आठवत नाही. चहा प्यायला, सही केली, गेला. एजन्सीला एकट्याला कशाला दोष देऊ, एजीएममध्ये, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेत, "सगळ्यात स्वस्त कोटेशन घ्या, कागदच तर पाहिजे" म्हणून हात वर करणाऱ्यात मी पण होतो.

कागद खोटा असला की किंमत कोण मोजतं? गोरेगावला ऑक्टोबर 2023 मध्ये पार्किंगमधल्या बाईका आणि कपड्यांच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला आणि माणसं धुरात गेली. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये 2018 साली चार जण गेले, तिथे दहा वर्षांच्या एका मुलीने शेजाऱ्यांना ओल्या फडक्यातून श्वास घ्यायला लावलं म्हणून बाकीचे निभावले, तेही तिला शाळेत शिकवलं होतं म्हणून. आणि जवानांचं म्हणाल तर काळबादेवीची 2015 ची आग विसरलो का आपण, गोकुळ निवासमध्ये दलाचे चार अधिकारी गेले, त्यात प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर स्वतः होते. 14 एप्रिल आपल्याला बाबासाहेबांच्या जयंतीमुळे पाठ असतो, पण 1944 मध्ये त्याच तारखेला गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि 66 अग्निशामक गेले, म्हणून तो अग्निशमन दिन. हीच माणसं लिफ्टमध्ये अडकलेल्यांना काढतात, पावसात पडलेली झाडं कापतात, मांज्यात अडकलेली घार सोडवायला पण येतात, आणि आपण त्यांना पाणी नसलेला पाइप देतो.

माझं म्हणणं एवढंच, फॉर्म बी फाईलीत न ठेवता लिफ्टजवळ लावायची सक्ती करा, एजन्सीचं नाव आणि तपासणीची तारीख दिसेल असा. तपासणीच्या दिवशी रहिवाशांसमोर पंप चालू करून गच्चीवरच्या नळीतून पाणी उडालेलं दाखवा, अर्ध्या तासाचं काम आहे, पोरं तर खूश होतील. आणि अग्निशमन दलाने न सांगता अशा फॉर्मवाल्या चार बिल्डिंगा तपासाव्यात, खोटी सही सापडली तर लायसन्स काढून घ्यावं. माणसं कमी पडतात हे ऐकायला मिळेल, तर मग भरती करा, त्यासाठी आम्ही टॅक्स भरतोच की.

आमचा पंप आता चालू झालाय, नळ्या नवीन आल्यात, डक्टची भोकं बुजवायचं काम अजून कोटेशनमध्ये अडकलंय. पेटीतले स्टंप्स वॉचमनच्या केबिनमध्ये पडलेत, न्यायला अजून कोणी आलेलं नाही.

आपला,
एक रहिवासी, लालबाग