अमेरिकेतले यादवी युद्ध जकातीसाठी झाले नव्हते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला अमेरिकेतील यादवी युद्धावरचा लेख वाचला. लढायांचे वर्णन सुरेख उतरले आहे. पण कारणांपाशी आल्यावर ‘कारखानदार उत्तर आणि शेतीप्रधान दक्षिण यांच्यातला जकातीचा वाद आणि राज्यांच्या अधिकारांचा प्रश्न’ एवढे लिहून लेखकाने गुलामगिरी एका वाक्यात आटोपली आहे. मी बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. जुन्या गाइडांत हेच उत्तर असायचे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही ते मुलांना लिहून दिले. ते चूक होते, म्हणून हे पत्र.

आधी जकातीचे पाहू. १८५७ साली अमेरिकी काँग्रेसने आयात शुल्क घटवले, आणि दक्षिणेला ते हवेच होते. ज्या वाढीव शुल्काचा दाखला नेहमी दिला जातो, तो मॉरिल कायदा मार्च १८६१ मध्ये झाला. तोपर्यंत सात राज्ये बाहेर पडली होती आणि त्यांचे सिनेटर निघून गेल्यामुळेच त्या कायद्याची वाट मोकळी झाली होती.

राज्यांच्या अधिकारांची गोष्ट तर उलटीच आहे. १८५० च्या फरारी गुलाम कायद्याने केंद्र सरकारला उत्तरेतल्या कोणत्याही राज्यात शिरून माणूस पकडायची मुभा दिली. पकडलेल्याला ज्यूरी नाही, स्वतःची साक्ष देता येत नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर फी १० डॉलर, सोडले तर ५. मे १८५४ मध्ये व्हर्जिनियातून पळालेला अँथनी बर्न्स बोस्टनमध्ये पकडला गेला. त्याला जहाजापर्यंत न्यायला रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे करावे लागले. हजारो लोक बघत होते, इमारतींवर काळी कापडे टांगलेली होती. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा तो निकाल वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५९ मध्ये रद्द केला. म्हणजे राज्याचा अधिकार मागत होते उत्तरेतले लोक, आणि तो मोडून काढायला केंद्राची ताकद दक्षिणेला हवी होती. संघराज्यातून सर्वांत आधी, २० डिसेंबर १८६० रोजी, बाहेर पडले साउथ कॅरोलिना. त्याच्या जाहीरनाम्यातली मोठी तक्रारही हीच आहे: उत्तरेतली राज्ये आमचे पळालेले गुलाम परत करत नाहीत.

मग भांडण नेमके कशाचे होते? नव्या जमिनीचे. लेखात हा मुद्दा आलाच नाही याचे मला सर्वांत वाईट वाटले. सरकी काढण्याचे व्हिटनीचे यंत्र १७९३ चे. त्यानंतर कापूस अलाबामा, मिसिसिपी, लुइझियानाकडे सरकत गेला. १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी होती, पण देशातली खरेदी-विक्री चालूच राहिली. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या जमिनी तंबाखूने थकल्या होत्या. तिथले मालक आता माणसे विकून पैसा करू लागले. युद्धापूर्वीच्या सत्तर वर्षांत सुमारे दहा लाख माणसे अशी जुन्या राज्यांतून कापसाच्या मुलखात नेली गेली, कितीतरी बेड्या घालून पायी. नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुले तिसरीकडे. १७९० मध्ये सुमारे सात लाख असलेले गुलाम १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाखांच्या घरात गेले. नवी जमीन मिळत राहिली तरच त्यांची किंमत टिकणार होती आणि नवी राज्ये गुलामगिरीची झाली तरच सिनेटमधला गुलामगिरीच्या आणि मुक्त राज्यांचा तोल राहणार होता.

म्हणूनच १८२० ची मिसूरी तडजोड, ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशावरची ती रेघ: पश्चिमेच्या नव्या मुलखात, मिसूरी सोडून, तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हणूनच टेक्सास जोडून घेण्याचा हट्ट, ज्या मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी संपवली होती त्याच्याच भूमीवर. मेक्सिकोशी युद्ध सुरू होताच १८४६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा काँग्रेस सदस्य विल्मट याने ठराव मांडला, की जिंकलेल्या मुलखात गुलामगिरी नको. त्यावर मते पक्षांप्रमाणे पडली नाहीत. उत्तर एका बाजूला, दक्षिण दुसऱ्या. १८५४ मध्ये सिनेटर डग्लस यांच्या कायद्याने मिसूरीची रेघ पुसली आणि कॅन्ससमध्ये गुलामगिरी असावी की नाही याचा निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला. मार्च १८५५ च्या निवडणुकीत तिथे मतदार तीन हजारांच्या आत होते आणि मते पडली सहा हजारांच्या वर, कारण मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या मतदानाला आल्या होत्या. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तर नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसचा अधिकारच काढून घेतला.

लिंकन आधीच्या राज्यांतली गुलामगिरी मोडायला निघाले नव्हते, हे लेखकाचे म्हणणे बरोबर आहे. मार्च १८६१ मध्ये अध्यक्ष म्हणून केलेल्या पहिल्या भाषणात त्यांनी ते स्पष्ट सांगितले. पण त्याआधी सिनेटर क्रिटेंडन यांची तडजोड पुढे आली, मिसूरीची ती रेघ पॅसिफिकपर्यंत नेण्याची. त्या वेळी, गुलामगिरीच्या विस्तारावर तडजोड नाही, असे लिंकन यांनी आपल्या लोकांना कळवले. ते तिथून हलले नाहीत.

फुटून निघालेल्यांनीही काही लपवले नव्हते. त्यांचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीव्हन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हाना इथे सांगितले, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या सरकारची कोनशिला. त्यांच्या राज्यघटनेने पुढे मिळणाऱ्या मुलखातही गुलामगिरीला संरक्षण दिले होते. ‘राज्यांचे अधिकार’ पुढे करणारी पुस्तके युद्ध हरल्यावर लिहिली गेली.

आपल्याकडे या युद्धाची आठवण निघते ती कापसाच्या तेजीसाठी. अमेरिकेचा कापूस थांबला, मुंबईत पैशाचा पूर आला, १८६५ मध्ये सगळे कोसळले; आम्ही वऱ्हाडातले लोक ही कथा ऐकतच मोठे झालो. अमेरिकेतला तो कापूस कोणाचे हात वेचत होते, याची चौकशी मात्र जोतीराव फुल्यांनी केली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. ते युद्ध कशावरून झाले हे तेव्हा पुण्यात बसलेल्या माणसाला ठाऊक होते.

लेखमालेच्या पुढच्या भागात युद्धाची अखेर येणार असे आपण छापले आहे. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते आणि त्यांतले बहुतेक त्याआधी कुणाची तरी मालमत्ता होते. पहिल्या भागात त्यांचा उल्लेख नाही. पुढच्या भागात त्यांना जागा द्यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, खामगाव