ताटात काय आहे, एवढंच सांगा : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : हॉटेलातल्या पदार्थात काय घातलं आहे, हे ग्राहकाला लेखी कळण्याबाबत

महोदय,
सादर नमस्कार.

१० रुपयांचा बिस्किटपुडा घेतला तर त्यावर हिरवा ठिपका असतो, घटकांची यादी असते, ‘दूध, गहू, सोया आहे’ असा इशारा असतो आणि परवान्याचा १४ आकडी क्रमांकही असतो. ८०० रुपयांची भाजी मागवली तर त्यातलं परवाना सोडून काहीच मिळत नाही, आणि तोही गल्ल्यामागच्या भिंतीवर. बाकी सगळा भरवसा वेटरच्या शब्दावर. त्या बिचाऱ्याला मुदपाकखान्यात काय चाललंय ते कुणी सांगितलेलंच नसतं.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते, नोकरी हिंजवडीला. दूध, तूप, दही, अंडी, मध यांतलं काही खात नाही. हल्लीच्या भाषेत व्हीगन. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, जुन्नर तालुक्यातले माळकरी. दूध-तूप ते आनंदाने खातात, पण मटणाच्या पळीने ढवळलेला रस्सा त्यांना चालत नाही. ऑफिसातली मैत्रीण जैन आहे, तिला कांदा-लसूण आणि बटाटा नको. आणखी एका सहकाऱ्याच्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. (कुटाशिवाय ज्या शहराचं पान हलत नाही तिथे ते पोर कसं वाढतंय, त्याच्या आईलाच ठाऊक.) चौघांची कारणं वेगळी. कुणाची श्रद्धा, कुणाचा विचार, कुणाचा जीव. पण हॉटेलात बसल्यावर चौघंही एकच विचारतात : यात काय काय आहे?

पुण्यात शाकाहारी माणसाला कसली आलीय अडचण, असं आपल्याला वाटेल. बरोबर आहे. पेठांमधल्या थाळ्या आहेत, फर्ग्युसन रस्त्यावर डोसे आहेत, मिसळ गल्लोगल्ली आहे. उपाशी कुणीच राहत नाही. ‘प्युअर व्हेज’ची पाटी तर या शहरात दर दुसऱ्या चौकात दिसते. म्हणूनच हा प्रश्न कुणाच्या लेखी प्रश्न नाही.

मराठी थाळीचंच घ्या. बसल्याबसल्या वरणभातावर तूप पडतं, ‘नको’ म्हणेपर्यंत पडलेलं असतं. कोशिंबिरीत दही. मसालेभातावर पुन्हा तूप. जिलबीच्या पिठात दही, शेजारी मठ्ठा. अळूची भाजी, बटाट्याची सुकी भाजी, एखादी उसळ एवढं माझ्या वाट्याला येतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार उत्तरांची आहे. “तूप नाही ना?” असं विचारलं की “अगदी थोडंसं” असं उत्तर येतं. “बटर नको” म्हटलं की “बटर नाही ताई, फक्त क्रीम आहे.” पंजाबी भाजीची पांढरी ग्रेव्ही खव्याची की नुसत्या काजूची, हे विचारायला आत गेलेला मुलगा परत येतो तो बिल घेऊनच. पोरं उद्धट नसतात हो. दूध आणि दुधापासून झालेलं सगळं, हा हिशेब त्यांना कधी कुणी शिकवलेलाच नाही. त्यांच्या दृष्टीने मी डाएटवर असते, आणि डाएटवाल्याला थोडं चालतं.

माझं निरीक्षण असं की, जितकं बिल कमी तितकी माझी सोय जास्त. पिठलं-भाकरी, ठेचा, तेलातली मटकीची उसळ, दही न घेतलेली मिसळ, वडापाव, ओली भेळ. आपल्या गरिबाघरच्या जेवणात दूध मुळात कमीच होतं, कारण ते विकायला जायचं. चकचकीत हॉटेलात शिरलं की प्रत्येक पदार्थावर साय, चीज आणि बटर चढायला लागतं.

कोरेगाव पार्क, बाणेर, विमाननगरकडच्या नव्या हॉटेलांत निराळी तऱ्हा. तिथे मेन्यूवर ‘व्हीगन’ हा शब्द असतो, ओट मिल्कचे वेगळे पैसेही लावतात. पण थाई करीच्या तयार वाटणात बहुधा सुकी कोळंबी असते, किमचीत माशाचा सॉस असू शकतो, वूस्टरशायर सॉसमध्ये अँचोव्ही नावाची मासळी असते, मूस आणि मार्शमेलोत जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ. अस्सल पार्मेझान चीज घट्ट करायला वासराच्या जठरातलं रेनेट लागतं. हे मला माहीत आहे कारण मी ते शोधून वाचलंय. समोरच्या वेटरला ते माहीत असावं ही अपेक्षा मी करत नाही. त्याच्या हातातल्या कागदावर मात्र ते लिहिलेलं असावं, ही अपेक्षा करते.

आता दादांचा मुद्दा, जो माझ्यापेक्षा जुना आणि जास्त लोकांचा आहे. नाशिक रस्त्यावरच्या ढाब्यावर ‘व्हेज-नॉनव्हेज’ एकाच चुलीवर चालतं. त्यात काही वावगं नाही, धंदा आहे. पण ज्या कढईत चिकन लॉलीपॉप तळलं त्याच तेलात गोबी मंचुरियन आणि फ्रेंच फ्राइज तळले, तर माळकऱ्याने काय समजायचं? “व्हेजच आहे काका” हे उत्तर खोटंही नसतं. भाजी फ्लॉवरचीच असते. दादा आता प्रवासात भाकरी बांधून नेतात. पुण्यात असे लाखो लोक निघतील, ज्यांना आपण शाकाहारी धरतच नाही : सोमवार, गुरुवार, शनिवार पाळणारे, श्रावण पाळणारे. इतर दिवशी तेच लोक मटणावर ताव मारतात, पण त्या दिवशी त्यांनाही नेमकं उत्तर हवं असतं. तळणाच्या तेलातली टोटल पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने वाढणारी अपायकारक द्रव्यं) २५ टक्क्यांवर गेली तर ते तेल वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. म्हणजे तेल किती थकलंय याची काळजी कायद्याने घेतली. त्यात आधी काय तळलं, हे सांगायचं राहून गेलं.

कायदा केंद्राचा, अंमल आपला, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी जे हातात आहे त्याबद्दल बोलते. २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्ले नियमांनुसार, ज्यांच्याकडे केंद्रीय परवाना आहे किंवा ज्यांच्या १० वा अधिक ठिकाणी शाखा आहेत, अशा हॉटेलांनी मेन्यूवर कॅलरी द्यायच्या, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह द्यायचं आणि अ‍ॅलर्जीची माहितीही द्यायची. त्या अ‍ॅलर्जीच्या यादीत काय आहे पाहा : दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले प्राणी, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन, ग्लुटेन असलेली धान्यं, सल्फाइट. यातली पहिली चार नावं वाचली की व्हीगन माणसाचं बरंचसं काम झालं. पाचवं त्या लहान मुलाचं. आमच्यासाठी वेगळा कायदा, वेगळा विभाग, वेगळी मोहीम काही लागत नाही. अ‍ॅलर्जीचा तो एक रकाना नीट भरला तर निम्म्या लोकांचे प्रश्न तिथेच मिटतात.

हिरव्या ठिपक्याने ते होत नाही, कारण तो त्यासाठी काढलेलाच नाही. नियमातल्या मांसाहाराच्या व्याख्येत अंडं येतं. दूध, मध, मधमाशांचं मेण आणि लाखही त्यातून वगळलेली आहे. २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम आले, हिरवं चिन्हही आलं, पण मला ते दुकानातल्या पाकिटावर भेटतं, हॉटेलच्या मेन्यूवर नाही. आणि साखळी हॉटेलं सोडली तर अ‍ॅलर्जीची यादी लावलेलं हॉटेल मला पुण्यात शोधावं लागतं. जिथे आपण रोज जेवतो ती तर बहुतेक एकेकट्या मालकाचीच आहेत.

मालक म्हणतील, आमचा मेन्यू रोज बदलतो, छापायचं कधी? छापू नका. पुण्यातल्या प्रत्येक खाणावळीत दाराशी फळा असतो आणि त्यावर खडूने आजची भाजी लिहिलेली असते. भाजीच्या नावापुढे कंसात एक-दोन अक्षरं वाढवायची : दूध असेल तर ‘दू’, अंडं असेल तर ‘अं’, शेंगदाणे असतील तर ‘शें’, कांदा-लसूण असेल तर ‘कां’, मांसाहाराबरोबर तेल किंवा तवा एकच असेल तर ‘एते’. खडूचा खर्च कुणाला परवडत नाही? मोठ्या हॉटेलांनी हेच मेन्यूकार्डावर करावं, आणि घरपोच जेवण देणाऱ्या अ‍ॅपवर हॉटेलाने ही माहिती भरल्याशिवाय पदार्थ दिसू नये. अ‍ॅपवर सध्या ‘व्हेज ओन्ली’चं बटण दाबलं की सगळी चौकशी संपते.

आपल्या विभागाला हे नवं नाही. पनीरऐवजी ‘अ‍ॅनालॉग’, म्हणजे वनस्पती तेल वगैरे घालून केलेलं नकली पनीर, वापरत असाल तर तसं ग्राहकाला दिसेल असं लिहा, हे २०२५ मध्ये आपल्याच प्रशासनाने हॉटेलांना बजावलं. पनीरच्या जागी काय आलं हे सांगता येतं, तर भाजीत तूप आहे हेही सांगता येईल. ९ डिसेंबर २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयाने खाद्यपदार्थांतल्या घटकांचा नुसता क्रमांक न देता तो वनस्पतीपासून आला की प्राण्यापासून, हे उघड करायला सांगितलं होतं. चव वाढवणारं इ-६३१ मांस-माशांपासूनही बनतं, हे त्या सुनावणीतलंच उदाहरण. तो आदेश अन्नव्यवसायासाठी होता, आणि हॉटेल हाही अन्नव्यवसायच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करणं भाग आहे, कारण शाकाहाराचा विषय निघाला की महाराष्ट्रात लगेच दोन तट पडतात. मी कुणाचं मटण बंद करा म्हणत नाही. १५ ऑगस्ट २०२५ ला कल्याण-डोंबिवली महापालिकेने मांसविक्री बंद ठेवायला सांगितली, ते मला मुळीच पटलं नव्हतं. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शाकाहारी जेवणासाठी वेगळ्या हिरव्या गणवेशातली माणसं आणली आणि टीका होताच दुसऱ्या दिवशी गणवेशाचा बेत मागे घेतला, तेही बरंच झालं. सोसायटीत कोण काय शिजवतं यावरून घर नाकारणारे लोक याच शहरात आहेत, आणि ‘प्युअर’ या पाटीआडून कधीकधी जात विचारली जाते हे आपल्यालाही ठाऊक असेल. मला वेगळं टेबल नको, वेगळी पंगत नको. माझ्या शेजारी मित्र सुकं मटण खात असेल तर खुशाल खाऊ दे. त्याच्या ताटात काय आहे हे त्याला माहीत असतं. माझ्या ताटात काय आहे हे मलाही कळावं.

उलट, ‘प्युअर व्हेज’ पाटीवाल्यांचीही थोडी चौकशी व्हावी. ही पाटी मालक स्वतःच लावतो. आतल्या बेकरीच्या केकमध्ये अंडं निघालं, पुडिंगमध्ये जिलेटिन निघालं, तर? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये १० लाखांपर्यंत दंड आहे. मला कुणाला १० लाखांचा दंड झालेला बघायचा नाही. पण तपासणीला येणारे अन्नसुरक्षा अधिकारी फ्रीजचं तापमान, झुरळं आणि परवाना बघतात, तेव्हा त्यांच्या तक्त्यात “पदार्थातल्या घटकांची माहिती ग्राहकाला कुठे दिसते?” हा प्रश्न वाढवायला किती वेळ लागतो?

प्रशिक्षणाचंही तसंच. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, त्यासाठी ‘फॉस्टॅक’ या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचे वर्ग होतात. त्यात अर्धा तास यासाठी द्या. आणि तो मराठी-हिंदीच्या जोडीला नेपाळी, बंगाली, ओडियातही द्या, कारण पुण्याच्या मुदपाकखान्यांत या भाषा रोज बोलल्या जातात. स्वयंपाक्याला कळलं तरच वेटरला कळणार.

हे सगळं एकदम होणार नाही. म्हणून माझी विनंती अशी की, पहिलं परिपत्रक खासगी हॉटेलांना काढूच नका. स्वारगेट आणि शिवाजीनगरच्या एसटी स्थानकातली उपाहारगृहं, ससूनमधलं आणि जिल्हाधिकारी कचेरीतलं कँटीन, जिथे सरकारचाच ठेका आहे, तिथून सुरुवात करा. ठेक्याच्या अटींत एक ओळ वाढवली की झालं. विधिमंडळात जावं लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. तीन महिन्यांनी तिथले ठेकेदार, कामगार आणि गिऱ्हाईक यांना विचारा, काय जमलं आणि काय जमलं नाही. ‘एते’ हे अक्षर कदाचित लोकांना कळणार नाही, मग दुसरं शोधू.

फळ्याचा नमुना मी तयार केला आहे, तो सोबत जोडते. पुण्यातल्या आपल्या सहआयुक्त कार्यालयातही त्याची एक प्रत देऊन येते आहे. पोच मिळावी.

कळावे,
आपली,
एक ग्राहक
कर्वेनगर, पुणे