चाकू नव्हे, धारेचा दगड विकत घ्या

महोदय,

सांबारवडीचे दिवस आले की घरोघरी एकच तक्रार: सांबार (कोथिंबीर) चिरला की काळा पडतो, त्याचा लगदा होतो. दोष सांबाराचा नाही, चाकूचा. बोथट पाते पान कापत नाही, चेंगरते. रस पाटावर उतरतो. मग तो चाकू कचऱ्यात जातो आणि इतवारी बाजारातून दुसरा येतो. चार महिन्यांत त्याचीही तीच गत.

आधी खरेदीचे. सहा चाकूंच्या संचातले चार कधी हातात येत नाहीत. घरी दोन पुरेत: चार इंची पात्याचा लहान, आणि कोबी-टरबुजासाठी सात इंची मोठा. दुकानात जाताना खिशात एक चुंबक न्यावे. चाकूच्या पोलादाला ते घट्ट चिकटते. चिकटले नाही तर ते ताटवाट्यांचे स्टील समजावे. त्याला पाणी देता (म्हणजे तापवून कठीण करता) येत नाही, म्हणून धार टिकत नाही. (चिकटले म्हणजे पोलाद उत्तमच, असे मात्र नव्हे.) पाते मुठीकडून टोकाकडे एक डोळा मिटून पाहावे, वाकडे असेल तर लगेच कळते. भाजीला पातळ पाते बरे. जाड पाते गाजर कापत नाही, फोडते. स्वस्त चाकूवरच्या लाटांसारख्या दमास्कस नक्षीला भुलू नये, ती नुसती वरवरची असते.

आता धार. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. तो ओल्या फडक्यावर ठेवावा म्हणजे सरकत नाही, आणि वरून पाण्याने भिजता ठेवावा. सारी गोम कोनात आहे. प्रत्येक अंगाला साधारण 20 अंश हवेत. पाते 2 सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून 7 मिलिमीटर उचलायची, म्हणजे एका पेन्सिलीच्या जाडीएवढी. 4 सेंटिमीटर असेल तर दोन पेन्सिली. खात्री करायची तर धारेलगत मार्करने रेघ ओढून दोन-चार हात फिरवावेत. शाई अगदी धारेपर्यंत निघाली तर कोन बरोबर. धारेवर शाई तशीच आणि वरची पुसली गेली, तर पाठ आणखी उचलावी.

खरखरीत बाजूवर एकच अंग घासत राहायचे, दुसऱ्या अंगाला बारीक कड बोटाला लागेपर्यंत. बोट पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवावे, धारेच्या लांबीने कधीच नाही. ही कड मुठीपासून टोकापर्यंत आली पाहिजे. बहुतेकांचे काम इथेच फसते. दहा हात मोजतात आणि पाते उलटतात. कड आली नाही म्हणजे धार अजून तयारच झालेली नाही. मग दुसरे अंग तसेच, आणि त्यानंतर बारीक बाजूवर हलक्या हाताने आळीपाळीने. शेवटी ती कड काढून टाकायची. राहिली तर चाकू पहिल्या दिवशी वस्तरा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोथट. त्यासाठी आपल्याच अंकाची घडी (संपादकांनी राग मानू नये) ओट्यावर सपाट ठेवावी आणि पाठ पुढे, धार मागे ठेवून पाते दोन्ही अंगांनी दहा-दहा वेळा ओढावे. मग कागदाचे एक पान हवेत धरून कापून पाहावे. जिथे अडेल, तिथे काम बाकी आहे. चाकू धुऊनच भाजीला लावावा.

मधल्या काळात लोणच्याच्या चिनीमातीच्या बरणीचे बूडही चालते. तिथला चकाकी नसलेला खरबरीत गोल हा बारीक दगडच.

गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे पावशी (विळी) आणि कात्री खुशाल द्यावी. पातळ चाकू मात्र कोरड्या चाकावर चटकन तापतो, आणि पात्यावर निळसर झाक दिसली की तिथले पाणी उतरले समजा. हात फिरवला की पाते पाण्यात बुडवायला सांगावे.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चिरणे बंद केले नाही, तर वरची सगळी मेहनत एका कांद्यात जाते. पाट लाकडाचा किंवा प्लास्टिकचा हवा, आणि चिरलेली भाजी सरकवायची ती चाकूच्या पाठीने.

इतवारी-महालातल्या भांडेवाल्यांना एक विनंती: चाकूच्या शेजारी दगडही ठेवा. आज चाकू तुमच्याकडे आणि दगड हार्डवेअरवाल्याकडे, म्हणून गिऱ्हाईक नुसता चाकू घेऊन घरी जाते.

— धारेचे काम जाणणारे काही वाचक, महाल, नागपूर