खरवडून तपासल्याशिवाय थेंब नकोत

मा. संपादक,

आपल्या आरोग्य पुरवणीतला डोळ्यांच्या लालीवरचा लेख वाचला. डोळे येणं, ॲलर्जी, कोरडेपणा यांची त्यात सविस्तर माहिती आहे, पण बुबुळाला (म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला) होणारा बुरशीचा संसर्ग एका ओळीत आटोपला आहे. माझ्या धाकट्या भावाचा उजवा डोळा त्या एका ओळीतला आहे, म्हणून हे पत्र.

गवत कापताना एक पातं त्याच्या डोळ्याला लागलं. थोडं खुपलं, पाणी आलं, संध्याकाळी डोळा लाल झाला. घरात कुणाच्या तरी जुन्या दुखण्यातले थेंब उरले होते, तेच घातले. दोन दिवसांत लाली उतरली आणि आम्ही निर्धास्त झालो. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. बाटलीवर तसं छापलेलंही होतं, पण इतकं बारीक की आम्ही ते भिंगातून वाचलं, तेही सगळं होऊन गेल्यावर. स्टेरॉइडने लाली दबते, दुखणं दबतं आणि त्याबरोबर डोळ्याचा प्रतिकारही दबतो. मग बुरशीला रान मोकळं. आठवड्याभरात बुबुळावर करडा-पांढरा ठिपका उमटला, वरून कोरडा आणि कडेने पिसासारखा विस्कटलेला.

नेत्रतज्ज्ञांनी डोळा बधिर करून जखमेचा कण खरवडून काढला. काचपट्टीवर त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्याच वेळात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना वाढवून केलेल्या तपासणीत, ती फ्युजेरियम नावाची बुरशी निघाली, पण तो अहवाल येईपर्यंत उपचार थांबले नाहीत. मला सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते याच तपासणीबद्दल. जखम जिवाणूंची की बुरशीची, हे नुसत्या नजरेने अनुभवी डॉक्टरांनाही दर वेळी ओळखता येत नाही आणि अँटिबायोटिकने बुरशी मरत नाही. अंदाजाने बाटल्या बदलत गेलेले दिवस बुबुळाला परवडत नाहीत. मध्यभागी त्याची जाडी असते जेमतेम अर्धा मिलिमीटर!

बुरशीवरचं औषध मिळालं नॅटामायसिनचं, 5 टक्क्यांचं. ते बाटलीच्या तळाशी पांढरं साचतं, म्हणून दर वेळी नीट हलवून घ्यावं लागतं. हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं म्हणून बरं. सुरुवातीला दर तासाला एक थेंब, रात्रीसुद्धा. आई आणि मी गजर लावून पाळीपाळीने उठायचो. औषध बुबुळात खोलवर मुरत नाही, म्हणून मधूनमधून वरचा थरही खरवडावा लागला. एखादं नवं औषध का देत नाही, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दक्षिण भारतातल्या 323 रुग्णांवरच्या चाचणीत व्होरिकोनॅझोलच्या थेंबांपेक्षा नॅटामायसिनच सरस ठरलं आणि फ्युजेरियमच्या रुग्णांत हा फरक सर्वांत ठळक होता, असं त्यांनी समजावलं. (बुरशी कॅन्डिडासारख्या यीस्ट प्रकारची असेल तर ॲम्फोटेरिसिन बी हे औषध वापरतात.)

जखम भरायला कित्येक आठवडे लागले. डोळा वाचला, पण त्यात फूल पडलं. त्या डोळ्याने त्याला माणूस दिसतो, चेहरा ओळखू येत नाही. औषधाला दाद न देणाऱ्या काहींचं बुबुळ फुटतं आणि तातडीने नेत्ररोपण, म्हणजे बुबुळाचं रोपण, करावं लागतं.

कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनाही हा धोका आहे. 2006 मध्ये लेन्सच्या एका द्रावणाशी फ्युजेरियमच्या संसर्गाचा संबंध आढळला आणि ते जगभरातून मागे घेण्यात आलं. लेन्स नळाच्या पाण्याने धुणं, त्या लावूनच झोपणं हे टाळलंच पाहिजे.

माझ्या दोन मागण्या आहेत. स्टेरॉइड असलेल्या प्रत्येक थेंबाच्या बाटलीवर ते ठळक आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत छापलं जावं. आणि पान, काडी, माती लागून डोळा लाल झाला तर उरलेले थेंब घालू नयेत, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जाऊन काय लागलं ते आपणहून सांगावं, एवढा मजकूर आपण पुरवणीच्या पुढच्या अंकात चौकटीत छापावा.

आपली,
एक वाचक