अ‍ॅम्बीचा क्लच

रत्नागिरी
नारळी पौर्णिमा

प्रिय दोस्ता,

फोनवर अर्धवटच सांगितलं होतं, आता निवांत लिहितो. अण्णांच्या अ‍ॅम्बेसेडरचा क्लच शेवटी बदलला. तीच रे, 1968ची मार्क टू, जिच्यावर आपण भाट्याच्या रस्त्याला गाडी शिकलो आणि तू क्लचवर पाय ठेवून बसायचास म्हणून अण्णा ओरडायचे. आता कळतं का ओरडायचे. तिचं रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबलं की क्लचला ढकलणारा भाग, कार्बनचं असतं, सारखं घासत राहिलं की खलास.

झालं काय, गेल्या पावसाळ्यात गाडी दोन महिने उभी राहिली आणि आपल्याकडची खारी हवा तुला माहितीच, क्लचप्लेट गंजून फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाला, चिकटली, पेडल दाबलं तरी गिअर पडेना. ती कशीबशी सुटली, पण मग पेडल सोडताना गाडी थरथरायची आणि आंबा घाटात तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे जात नाही! गिअरबॉक्स उतरवला तर प्लेट तेलाने माखलेली. त्या 1489 सीसी इंजिनला क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, मागे रबरी सील नसतंच, नुसते उलटे आटे असतात तेल मागे फिरवायला, झिजले की तेल थेट क्लचवर.

सगळे म्हणाले इसुझूचं इंजिन-गिअरबॉक्सच टाक, पाच गिअर मिळतील. मला नाही पटलं. 2021च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, आणि नियम नसता तरी ते इंजिन काढायला माझा हात झाला नसता.

म्हणून फक्त जुना स्प्रिंगांचा, तीन फिंगरचा प्रेशरप्लेट (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरतो तो) काढून डायफ्रामवाला बसवला. त्यात एकच ताटलीसारखी स्प्रिंग, पूर्ण दाबताना जोर कमी लागतो. नवीन भोकं फ्लायव्हीलला पाडायची होती, ते मी रस्त्यावरच्या लेथवर करू दिलं नाही, कोल्हापूरला उद्यमनगरात नेऊन फेसिंग (पृष्ठभाग सपाट करणं), ड्रिलिंग आणि प्रेशरप्लेट लावून बॅलन्सिंग एकत्रच करून घेतलं. बेअरिंग मात्र कार्बनचंच, नवीन. पायलट बुश, म्हणजे गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक ज्यात बसतं ते, तेलात भिजवून घातलं, इंजिनमधली वाफ बाहेर सोडणारा ब्रीदर पाईप साफ केला, कारण आत दाब वाढला की तेल मागूनच बाहेर येतं. आणि गिअरबॉक्स चढवताना तो जॅकवरच ठेवून सरकवला, त्याचं वजन प्लेटवर लोंबकळू दिलं की प्लेट वाकते, हे मागच्या वेळी एकाने केलं होतं आणि मी बघत उभा होतो, अजून वाईट वाटतं.

काल पावसातच आंबा घाट चढून साखरप्यापर्यंत परत आलो, थरथर नाही, घसरणं नाही, पेडल इतकं हलकं की आईने सुद्धा अंगणात चालवून बघितली, अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच. रोज रात्री बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या आवरणाच्या, भोकाखाली पुठ्ठा ठेवतो. आज सकाळी तेलाचे दोन थेंब होते. गणपतीला येशील तेव्हा आपण मिळून मोजू.

तुझाच