साल्वादोरहून आई-बाबांना

साल्वादोर, बाईया, ब्राझील
राखेचा बुधवार, कार्निव्हल संपल्याचा दुसरा दिवस

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र दादाच्या फोनवर पाठवते आहे. दादा, रात्रीची जेवणं झाली की मोठ्याने वाच आणि मधलं काही गाळू नकोस. इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे आहे, त्यामुळे मी फोन करते तेव्हा तिकडे कोणीतरी झोपेत असतंच.

आई, आधी तुझं. जेवते आहे, पाणी बाटलीतलंच पिते आहे. गळ्यातली साखळी कपाटात ठेवून आले ते बरं केलं. कार्निव्हलच्या मिरवणुकीत पैसे आणि फोन कपड्यांच्या आत, कमरेच्या पट्ट्यात ठेवते. आमच्या खोलीवरच्या आम्ही चौघीजणी एकत्र जातो, एकत्र येतो. गर्दीत दर थोड्या वेळाने पोलिसांची रांग येते, एकामागे एक, वाट कापत. लोक नाचता नाचता बाजूला होतात आणि रांग गेली की जागा पुन्हा बुजते. म्हणजे काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही, तू करणारच. पण बेताने कर.

आता बाबांचा प्रश्न. कदंबाच्या बसने पणजीला जाऊन कार्निव्हल दिसतो, मग लिस्बनमार्गे दोन समुद्र ओलांडून कशाला? बाबा, पणजीचा कार्निव्हल दिसतो हे अगदी बरोबर. १९६५ साली चित्ररथ सुरू झाले तेव्हापासून आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून तो बघत आलो. कार्निव्हलचा मानाचा मोमो राजा हात हलवत जातो, मागून चित्ररथ, त्यातले बरेचसे कुणाच्या तरी जाहिरातीचे, आणि पाय दुखायला लागले की आपण परत. आजीच्या वेळी तर तेवढंही नव्हतं. इंत्रुजाच्या, म्हणजे कार्निव्हलच्या, दिवसांत बाजारात जायचं नाही, पीठ आणि अंडी मारतात, असं ती सांगायची. इथेही आधी तोच पोर्तुगालहून आलेला धिंगाणा होता, पाणी नि पीठ फेकायचा. एकोणिसाव्या शतकात सरकारने त्याच्यावर बंदी घातली. मोमो राजा इथेही आहे, त्याला शहराची किल्ली देतात. कार्निव्हल ईस्टरआधीच्या उपासाच्या तोंडावर येतो आणि ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो, म्हणून कार्निव्हलही दर वर्षी पुढेमागे होतो; बाबांच्या पंचांगात बसेल असा सण आहे.

फरक इतकाच की इथे कडेला उभं राहून बघणारा फार वेळ कडेला राहत नाही. बारा नावाच्या भागातल्या दीपस्तंभापासून समुद्राच्या कडेने ओंदिनापर्यंत साधारण चार किलोमीटरचा रस्ता आहे. त्यावरून अजस्र ट्रक गोगलगाईच्या चालीने जातात. ट्रकभर भोंगे, टपावर गायक आणि वादक. १९५० साली दोदो आणि ओस्मार या दोघांनी जुन्या फोर्ड गाडीवर भोंगे चढवून वाजवायला सुरुवात केली, त्यातून हे वाढलं. आता एकेक ट्रक आपल्या देवळाच्या सभामंडपाएवढा वाटतो. छातीत धडधडतं ते आपलं हृदय की भोंगा, कळत नाही.

मला न आवडलेलंही सांगते. बऱ्याच ट्रकांभोवती दोर असतो. भरपूर पैसे मोजून ठरलेला सदरा घेतला की दोराच्या आत नाचायचं. तो दोर हातांनी धरून तासन्‌तास चालणारे लोक मात्र मजुरीवरचे, बहुतेक काळे, आणि नाचणाऱ्यांचे धक्के खायचे त्यांनीच. मी सदरा घेतला नाही. दोराबाहेरच्या फुकट नाचणाऱ्यांना इथे ‘पॉपकॉर्न’ म्हणतात. दादा, बहीण तुझी यंदा लाही झाली.

बाबा, आता तुमच्यासाठी जपून ठेवलेली गोष्ट. रविवारी दुपारी रस्ता एकाएकी पांढरा झाला. हजारो पुरुष, पांढरे पायघोळ झगे, डोक्याला पांढऱ्या टॉवेलांचे फेटे, गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा. भोंग्यांचा दणदणाट मागे पडला आणि घंटांचा संथ ठेका ऐकू आला. हे ‘फिल्योस द गांधी’, म्हणजे गांधींचे पुत्र. बापूंच्या हत्येनंतर वर्षभराने, १९४९ साली, इथल्या बंदरातल्या गोदी कामगारांनी हा मेळ काढला. गाणी आफ्रिकेतून आणलेल्या त्यांच्या देवांची, नाव महात्म्याचं. एका म्हाताऱ्याने माझ्यावर लव्हेंडरचं अत्तर शिंपडलं. मी भारताची आहे हे कळल्यावर त्याने हात जोडले आणि गळ्यातली माळ काढून मला घातली. तुम्ही तीस वर्षं दोन ऑक्टोबरला शाळेत पोरांना रांगेत बसवून भाषण केलंत. इथे त्याच माणसाच्या नावाने नाचतात. तुम्हाला ते रुचलं नसतं कदाचित, पण माळ तुमच्यासाठी आणते आहे.

आई, खाण्याचं. चवळी भिजवून, सालं काढून, वाटून तिचे वडे करतात आणि पामच्या लालभडक तेलात तळतात. मग मधोमध चिरून पोटात सुकी कोळंबी, आपली सुंगटं, नि तिखट भरतात. आकाराजे म्हणतात त्याला. पांढऱ्या घेरदार घागऱ्यातल्या बायका रस्त्यात कढई मांडून बसतात. पहिला घास घेतला आणि वाटलं, हिच्या हाताखाली तुला आठवडाभर बसवावं, किंवा तिला तुझ्या. काजूच्या बोंडूचा रसही सगळीकडे मिळतो, थंडगार, पेला भरून. काजू मूळचा या मुलखातला, पोर्तुगीजांनी आपल्याकडे नेला. आपल्या डोंगरावरच्या बागेचं माहेर बघून आले म्हण.

जुन्या शहरात पेलोरिन्यो नावाचा उतरता चौक आहे, रंगीत घरांचा, दगडी फरशीचा. गुलामांना खांबाला बांधून फटके मारत ती ही जागा. बाबा, जुन्या गोव्यातला हातकातरो खांब तुम्ही आम्हाला बसमधून दाखवायचात ना, तसलाच खांब. इथला आता नाही. त्याच चौकात सोमवारी संध्याकाळी ‘दिदा’ हे बायकांचं पथक आलं. १९९३ पासून आहे, सगळ्या वाजवणाऱ्या बायकाच. कमरेला भलेमोठे ढोल, हातात दोन काठ्या. मध्येच काठी हवेत फिरवायची आणि ठेका न चुकवता पुन्हा चामड्यावर. पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांची एक बाई होती, आईच्या वयाची असेल. मी त्यांच्यामागून चौकाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि मला पणजी नाही, आपलं रोमट, शिगम्यातली ढोलताशांची मिरवणूक, आठवलं. ढोल, ताशे, झांजांसारखी कासाळं, ‘ओस्सय’ची आरोळी, आणि घराघरातून एकेक माणूस येऊन मिसळत जातो ते. हे मी लहानपणापासून ओट्यावरून बघितलं. हातात आरती धरून. दादा नववीत असल्यापासून ताशा वाजवतो.

तर बाबा, मागणं हे आहे. होळीचा आपला शिगमा जवळ आला आहे. वाड्यातले सगळे जमतात त्या मांडावर तुमचा शब्द चालतो. सुरुवातीचं देवाचं नमन परंपरेने होतं तसंच होऊ दे, त्यात मला शिरायचं नाही. पण रोमट मांडावरून निघून देवळाकडे जातं, त्या वाटेवर मला ताशा हवा आहे. ठेका मला येतो. दादा नसताना त्याच्या ताशावर माळ्यावर बसून शिकले आहे, आईला ठाऊक आहे. (आई, आता सांगून टाक.) शेजारच्या काकी आणि धाकटी वहिनीही येतील, मी विचारून ठेवलं आहे. पणजी-फोंड्याच्या शिगम्याच्या मिरवणुकीत बायका नाचलेल्या चालतात, त्यांची बक्षिसं आपण टाळ्या वाजवून बघतो. मग आपल्या वाड्यावर अडचण कुणाची आहे, तेवढं एकदा बैठकीत विचारून बघा. कुणी नाही म्हणालं तर त्याचं नाव मला कळवा, मी येऊन त्यांच्याशी बोलेन.

रविवारी मोपाच्या विमानतळावर उतरते. पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड जपून ठेवलं आहे, त्याशिवाय ब्राझीलहून येणाऱ्याला अडवतात. बोंडू वेचायला माणसं मिळाली नसतील तर सोमवारची रजा मी टाकलेलीच आहे.

तुमची,
बाय

ता. क. दादा, ताशाचं चामडं सैल पडलंय, शिगम्याआधी ओढून आण.